सहावी खेळी : उंट एफ१

पट मांडून घ्या. शक्य असेल तर खराच घ्या, मोबाइलवरचा नको. घरांची नावं अशी वाचायची : पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच या उभ्या रांगा, आणि त्याच्या बाजूने वर मोजत १ ते ८ हे आकडे. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, ई४. काळ्याने ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आला, काळ्याचा सी६ वर. पांढऱ्याने उंट सी४ वर काढला, काळ्याने दुसरा घोडा एफ६ वर. इथपर्यंत दोघंही रीतीने खेळताहेत. आणि आता पांढरा एफ३ वरचा तोच घोडा पुन्हा उचलतो आणि जी५ वर नेऊन ठेवतो.

सुरुवातीला एकच मोहरा दोनदा हलवू नये, आधी बाकीची फौज बाहेर काढावी, हे बुद्धिबळ शिकवणारा कुणीही पहिल्या आठवड्यातच सांगतो. झीगबर्ट टाराश या जर्मन उस्तादाने तर आयुष्यभर हेच शिकवलं, आणि घोडा जी५ ही खेळी नवशिक्याची म्हणून त्याने मोडीत काढली. खेळी मात्र टिकली. तिला टिकवलं एफ७ या घराने. काळ्याच्या राजाशेजारचं तिथलं प्यादं राजाखेरीज कुणाच्याच राखणीत नसतं, आणि त्यावर आता उंट आणि घोडा, दोघांचा रोख आहे. काळ्याला काहीतरी करणं भागच पडतं. बहुतेक जण डी५ करून उंटाची वाट अडवतात, पांढरा ई४ च्या प्याद्याने ते मारतो, आणि मग पाचव्या खेळीला काळ्यापुढे पेच उभा राहतो.

एफ६ च्या घोड्याने डी५ चं प्यादं परत मारावं, हे इतकं उघड वाटतं की हात आपोआप पुढे जातो. तसं केलं की पांढरा घोडा एफ७ वर उडी घेतो आणि वजीर व हत्ती दोघांना एकदम कात्रीत धरतो. राजाला तो मारावा लागतो. लगेच पांढरा वजीर एफ३ वरून शह देतो, आणि त्याच वेळी डी५ वरच्या घोड्यावरही येतो. घोडा राखायचा तर राजाला ई६ वर, म्हणजे जवळजवळ पटाच्या मधोमध येऊन उभं राहावं लागतं. शाळकरी मुलांना हा ‘फ्राइड लिव्हर’ तोंडपाठ असतो. पोलेरिओ या इटालियन खेळाडूचा रोममधला, १६१० च्या सुमाराचा असा एक डाव नोंदलेला आहे. म्हणजे चारशे वर्षं हा हल्ला चालू आहे आणि चारशे वर्षं लोक त्यात सापडताहेत. काळा लगेच हरतो असं नाही. पण राजा उघड्यावर असताना एकामागून एक अचूक खेळ्या सापडाव्या लागतात, आणि घड्याळ चालू असताना ते फार थोड्यांना जमतं.

म्हणून जाणकार माणूस सी६ चा घोडा ए५ वर नेतो आणि उंटाला हटकतो. एका प्याद्यावर पाणी सोडून मोहरी झटपट बाहेर काढण्याचा तो मार्ग आहे. तो रुळलेला, भरपूर अभ्यासलेला आहे. मला मात्र आज लिहायचंय ते त्याच्या शेजारच्या, जरा आडवाटेच्या खेळीबद्दल. काळा पाचव्या खेळीला घोड्यांना हातच लावत नाही. तो बी७ चं प्यादं दोन घरं पुढे टाकतो. बी५. ओलाव्ह उल्वेस्टाड या अमेरिकन खेळाडूच्या नावाने ही लाइन, म्हणजे खेळ्यांची ही साखळी, ओळखली जाते.

आता पटाकडे नीट बघा. पांढऱ्याचं डी५ चं प्यादं काळ्याच्या सी६ च्या घोड्यावर आहे. काळ्याचं बी५ चं प्यादं पांढऱ्याच्या सी४ च्या उंटावर आहे. दोघांचाही एकेक मोहरा माऱ्यात आहे आणि खेळी पांढऱ्याची. काय खेळाल?

गेल्या मे महिन्यात, सांगलीच्या घरी, मी हा प्रश्न माझ्या भाचीपुढे ठेवला. ती अकरा वर्षांची आहे, वयोगटाच्या स्पर्धा खेळते, आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याचं कात्रण तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. जेवणं झाली होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंख्याखाली आम्ही दोघी जमिनीवर पट टाकून बसलो होतो. पट बाबांचा. आमच्या बाबांना बुद्धिबळाचं वेड याच गावाने लावलं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत या खेळासाठी आयुष्य वेचलं, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत पट ही रोजची वस्तू आहे. आमचं घर त्यातलंच एक.

तिने लगेच उत्तर दिलं. “उंटाने बी५ मारायचं, आत्या. फुकटचं प्यादं. शिवाय पुढे सी६ चा घोडा पिन होतो.”

पिन म्हणजे जखडला जाणं, घोडा हलला तर मागच्या राजावर शह. उत्तर वाईट नव्हतं. मी काळ्याचा वजीर उचलून डी५ वर ठेवला आणि तिथलं प्यादं बाजूला काढलं. आता वजीर एका बाजूला बी५ च्या उंटावर आहे आणि दुसऱ्या बाजूला, तिरप्या रेषेत, जी२ च्या प्याद्यावर. जी२ गेलं की मागोमाग कोपऱ्यातला हत्ती अडचणीत, आणि जी५ वरचा एकटा पडलेला घोडाही. तिने ओठ चावला. पांढरा हरलेला नाही, त्याच्याकडे खेळ्या आहेत, पण मिळालेलं प्यादं हातचं गेलं आणि डाव कुणाचाही झाला.

“मग घोडा मारूया. डी५ ने सी६.”

काळा उंट मारतो. हिशेब सारखा होतो, पण पांढऱ्याचा चांगला उंट गेला, काळ्याचे दोन्ही उंट शिल्लक राहिले, आणि जी५ चा घोडा ज्या एफ७ साठी आला होता तिथला जोडीदारच उरला नाही. हेही तिला पटावर दिसलं, मला सांगावं लागलं नाही. मग ती बराच वेळ गप्प बसली. तिने उंट बी३ वर ठेवून पाहिला, ई२ वर ठेवून पाहिला, आणि दोन्ही वेळा स्वतःच परत उचलला. बी३ वर ठेवला तर काळा घोडा डी४ वर येऊन त्याला पुन्हा हुसकावतो. ई२ वर ठेवला तरी तोच घोडा तिथेही पोचतो, आणि शिवाय वजीर डी५ वर आला की जी२ उघडंच.

माझ्या बाबांचा अशा वेळी एकच प्रश्न असायचा. समोरच्याने खेळी केली की ते विचारायचे, “त्यानं काय सोडलं?” तो काय करणार आहे, त्याचा डावपेच काय, हे सगळं नंतर. आधी त्याने ही खेळी करताना कुठलं घर, कुठली राखण सोडली, ते बघायचं. प्यादं पुढे गेलं की ते मागे येऊ शकत नाही, म्हणून प्याद्याच्या खेळीनंतर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा, असं ते म्हणायचे. मी तोच प्रश्न भाचीला विचारला.

“बी७ सोडलं,” ती म्हणाली. मग थांबली. “आणि सी६ सोडलं. आता सी६ च्या घोड्याला प्याद्याचा आधार नाही.”

बरोबर. आणि बी५ वर जे प्यादं येऊन उभं राहिलंय त्यालाही कुणाचा आधार नाही. म्हणजे काळ्याने उंटाला हटकलं खरं, पण स्वतःची वजिराकडची बाजू उघडी टाकून. तेव्हा पांढऱ्याला असं घर हवंय, जिथून उंट बी५ वर रोख ठेवेल, जिथे काळ्याचा घोडा त्याला पुन्हा हटकू शकणार नाही, आणि जिथून जी२ चं प्यादंही राखलं जाईल. तीन अटी. सी४ वरून त्या तिरप्या रेषेवर मागे मागे येत जा. डी३, ई२, आणि मग एफ१.

एफ१. उंट ज्या घरातून निघाला होता ते घर.

तिने उंट तिथे ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. “पण आत्या, म्हणजे आपण उंटाच्या दोन खेळ्या करून काहीच केलं नाही ना?”

या प्रश्नासाठी मी दुपारभर बसायला तयार होते. कारण तिचं म्हणणं पुस्तकी दृष्टीने अगदी खरं आहे. सहा खेळ्या झाल्या आणि पांढऱ्याचा एकच मोहरा बाहेर आहे, तोही जी५ वर लोंबकळतोय. नियमांच्या तराजूत घातली तर ही खेळी नापास व्हावी. पण पट बघा. काळ्याच्या वजिराने डी५ मारलं, तर पांढरा घोडा सी३ वर येतो आणि वजिराला पळावं लागतं. मघाशी वजीर पळता पळता जी२ मारत होता, आता तिथे एफ१ चा उंट पहारा देतोय. वजीर हलला की उंट बी५ मारतो आणि सी६ चा निराधार घोडा राजापुढे जखडला जातो. काळ्याने घोड्याने डी५ मारलं, तरी बी५ चं प्यादं जातंच आणि पुढे वजीर एफ३ वर येण्याची धमकी उभी राहते. एका खेळीने तीन कामं झाली, आणि तीही उंट घरी बसून करतोय.

माझं मत असं आहे की मागे जाणारी खेळी ही डोळ्यांनाच दिसत नाही. बुद्धी कमी पडते असं नव्हे. बाहेर काढलेला मोहरा आपण मनात ‘झाला काढून’ म्हणून जमा करून टाकतो, त्याचं पहिलं घर आपल्यासाठी पुसलं जातं. हटकलेल्या उंटासाठी आपण घरं शोधतो ती पुढची आणि आजूबाजूची. भाचीने बी३ पाहिलं, ई२ पाहिलं. एफ१ तिच्या यादीतच नव्हतं. मी चांगल्या रेटिंगच्या मोठ्या माणसांनाही ही स्थिती दाखवली आहे, आणि तिथेही असंच होताना पाहिलंय. बाबांच्या प्रश्नाचं मोल मला इथे कळतं. तो प्रश्न नजर आपल्या मोहऱ्यांवरून काढून समोरच्याने मोकळ्या केलेल्या घरांवर नेतो, आणि तिथून उलट मोजत आलं की एफ१ सापडतं.

संध्याकाळी तिने फोनवर हीच स्थिती घातली. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या संगणकी इंजिनाने क्षणात उंट एफ१ दाखवलं. ती खूश झाली, आणि मग जरा हिरमुसली. “हे आधीच बघितलं असतं तर?” तिचा प्रश्न रास्त आहे. आजची मुलं इंजिनाबरोबरच वाढताहेत आणि त्यांनी ते वापरू नये असं मला अजिबात वाटत नाही. मीही रोज वापरते. पण इंजिन पटावर खेळीचा बाण दाखवतं, कारण सांगत नाही. काळ्याने एखादी खेळी वेगळी केली की पाठ केलेला बाण निरुपयोगी होतो. ज्याने बी५ च्या बदल्यात काय सुटलं हे स्वतः शोधलंय, त्याला पुढच्या वळणावरही काहीतरी हाती लागतं. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलाय. आधी पट, मग वहीत कारण लिहायचं, आणि सगळ्यात शेवटी फोन.

ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांची, पुस्तकं नसताना माणूस काय करू शकतो, याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण मीर सुलतान खान. पंजाबातला हा माणूस देशी नियमांवर वाढलेला. त्या खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं, त्यामुळे डावाची सुरुवातच वेगळी. इंग्लंडला गेल्यावर युरोपातल्या ओपनिंग त्यांना नव्याने शिकाव्या लागल्या, आणि सुरुवातीला अडचणीत येऊनही पुढे पटावर शोधून शोधून ते डाव फिरवत. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्यांनी ब्रिटिश स्पर्धा जिंकली, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत साक्षात माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ सहा दशकांनी. उशीर फार झाला, पण झालं हे चांगलं झालं.

मागे जाणं हेच नेहमी उत्तर असतं, असा ग्रह मात्र होऊ नये. त्यासाठी याच ओपनिंगमधला एक जुना डाव मी भाचीला दाखवला. १८९०-९१ मध्ये जगज्जेता विल्हेल्म श्टाइनिट्झ न्यूयॉर्कहून आणि मिखाईल चिगोरिन सेंट पीटर्सबर्गहून तारेने खेळ्या पाठवत दोन डाव खेळले. त्यातल्या एकात श्टाइनिट्झने हाच घोडा जी५ खेळला, चिगोरिनने घोडा ए५ ने उत्तर दिलं, आणि पुढे एच६ च्या प्याद्याने घोड्याला हटकल्यावर श्टाइनिट्झने तो मध्यात न आणता एच३ वर, थेट पटाच्या कडेला नेला. थोड्या खेळ्यांनी तोच घोडा परत जी१ वर गेला. एफ३, जी५, एच३, जी१ अशी सगळी प्रदक्षिणा घालून निघाला होता तिथेच. तेवढ्या अवधीत चिगोरिनने फौज बाहेर काढली, एफ आणि ई रांगांतली प्यादी पुढे रेटली आणि डाव घेतला. दोन्ही डाव त्यानेच जिंकले.

इथेही बाबांचा प्रश्न लावून बघता येतो. एफ१ च्या उंटाने परतताना समोरच्याच्या उघड्या बी५ वर रोख ठेवला होता, परतीची खेळीच हल्ल्याची होती. जी१ वर गेलेल्या घोड्याचा कशावरच रोख नव्हता. तरीही श्टाइनिट्झची एच३ ची कल्पना मेली नाही. १९६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला बॉबी फिशरने ती आर्थर बिसगायरविरुद्ध बाहेर काढली. फिशरने लगेच किल्लेकोट केला, बिसगायरने उंटाने एच३ चा घोडा मारून राजापुढची प्यादी विस्कटली, आणि फिशरने ती विस्कटलेली बाजू दोन उंटांच्या जोरावर सांभाळून डाव जिंकला. सत्तर वर्षांपूर्वी हरलेली खेळी दुसऱ्या कुणाच्या हातात, नंतरच्या वेगळ्या खेळ्यांमुळे उभी राहिली. एकटी खेळी चांगली की वाईट हे ठरवणं मला म्हणूनच अवघड वाटतं. तिच्या मागोमाग काय येणार आहे हे ठाऊक असल्याशिवाय ते ठरत नाही.

आता परत आपल्या उंटाकडे. एफ१ ही सर्वोत्तम खेळी आहे, पण काळाही काही हात जोडून बसत नाही. त्याचं सगळ्यात तिखट उत्तर म्हणजे सी६ चा घोडा डी४ वर. पांढरा सी३ करून त्याला हटकतो, तर काळा तो मोहरा तसाच माऱ्यात ठेवून दुसऱ्या घोड्याने डी५ मारतो. इथपर्यंत आलेला एक डाव टपाली बुद्धिबळातल्या सर्वांत गाजलेल्या डावांपैकी आहे. पाचव्या टपाली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, १९६५ पासून तीन वर्षं चाललेल्या अंतिम फेरीत, सोव्हिएत संघाचा याकोव्ह एस्ट्रिन पांढरी मोहरी घेऊन आणि अमेरिकेचा हान्स बर्लिनर काळी घेऊन समोरासमोर होते. एस्ट्रिन या ओपनिंगचा मोठा अभ्यासक. त्याच्याच अंगणात जाऊन बर्लिनरने बी५ केलं. उंट एफ१, घोडा डी४, सी३, घोड्याने डी५. एस्ट्रिनने घोडा ई४ वर मागे घेतला. बर्लिनरचा वजीर एच४ वर. घोडा जी३. काळ्याचा उंट जी४. एस्ट्रिनने एफ३ करून त्या उंटाला हटकलं.

ही स्थिती भाचीच्या पटावर मी मुद्दाम बराच वेळ तशीच ठेवली होती. काळ्याचा डी४ चा घोडा माऱ्यात, जी४ चा उंट माऱ्यात, बी५ चं प्यादं माऱ्यात. आणि दहाव्या खेळीला बर्लिनर यातलं काहीच वाचवत नाही. तो ई५ चं प्यादं एक घर पुढे सरकवतो, ई४. टपाली डावात एका खेळीवर दिवसचे दिवस विचार करायची मुभा असते, पत्र समुद्रापलीकडे जाऊन उत्तर येईपर्यंत आठवडे जातात. तेव्हा यंत्राची मदत नव्हती. हे प्यादं एका माणसाने डोक्याने आणि पटावर मोहरी हलवून शोधलं. पांढऱ्याने घोडा मारला, पुढे हत्ती गमावला, आणि अखेर एकेका हत्तीच्या अंतिम डावात बर्लिनरने त्याला हरवलं. ती स्पर्धा जिंकून तो जगज्जेता झाला. एस्ट्रिनही पुढे टपाली जगज्जेता झाला. बर्लिनर नंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्रात रमला आणि हायटेक नावाचं बुद्धिबळ खेळणारं यंत्र त्याच्या पुढाकाराने तयार झालं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अशी खेळी माणूस कशी शोधतो हे ज्याला आतून माहीत होतं, तोच यंत्राला शोधायला शिकवत होता.

बर्लिनरची ई४ ही खेळी बघून भाचीने ठरवलं की एस्ट्रिनची आठवी खेळी, घोडा ई४, आपण खेळायची नाही. तिने वहीत दुसरी लाइन लिहिली आहे. घोडा परत न घेता सी३ च्या प्याद्याने डी४ चा घोडा मारायचा. काळ्याचा वजीर जी५ चा घोडा मारतो, उंट एफ१ वरून निघून बी५ मारत शह देतो, राजाला डी८ वर सरकावं लागतं आणि त्याचा किल्लेकोट कायमचा जातो. पांढऱ्याचं एक प्यादं जास्त. बाणाशिवाय, इंजिनाआधी, तिने स्वतः काढलेली ही लाइन आहे, आणि थिअरीतही ती मान्य आहे हे कळल्यावर ती घरभर सांगत फिरली.

मला अजून घोडा ई४ आवडतो. बर्लिनरच्या डावात पांढऱ्याला नंतर कुठे सुधारणा करता आली असती हे शोधण्यात मला रस आहे. अकराव्या खेळीपासून मी सुरुवात केली आहे. भाचीला वाटतं आत्या उगाच हट्ट करते. दिवाळीत ती येईल तेव्हा पांढरी मोहरी मी घेणार आहे आणि काळी तिला देणार आहे. आठव्या खेळीला मी घोडा ई४ खेळेन, आणि बर्लिनरच्या बाजूने तिने मला अडवून दाखवायचं, असं आमचं फोनवर ठरलंय.